मुंजा, निगेटिव्ह सुखरूप आहे

मुंजा,

सुटलास बाबा एकदाचा. तुझ्या बायकोपुढं, लेकींपुढं हे बोलता आलं नाही, म्हणून इथं बोलतो. शेवटचे काही महिने तू झोपलासच कुठं? पाठीशी उशा रचून, भिंतीला टेकून बसल्या बसल्या डोळा लागायचा, तेवढाच. तुझ्या छातीतली घरघर ओसरीवरून ऐकू यायची. त्या सकाळी मी आलो, चपला काढल्या, आणि घरघर ऐकू आली नाही. मला वाटलं, आज तुला उतार पडलेला दिसतोय. मग रुक्मीण वहिनी दारात आल्या आणि त्यांचं तोंड बघून कळलं.

रडू आलं नाही. हायसं वाटलं. तुला पोचवून घरी आलो, जेवलो आणि गाढ झोपलो. बायकोला नवल वाटलं असेल. तिला म्हणालो, त्याचा त्रास संपला. ते खरंच होतं, पण तेवढंच नव्हतं. इतकी वर्षं आपल्या दोघांत जी एक गोष्ट अडकून पडली होती, ती तू जायच्या आधी सुटली होती. ती तशीच राहिली असती तर मला झोप लागली नसती, मुंजा. त्या दिवशीही नाही आणि पुढंही नाही.

आपण दोघं परभणीत एकाच उस्तादाकडं शिकलो. तू वालूरकडच्या शेतकरी घरातला, मी सेलूच्या बौद्धवस्तीतला. उस्तादनं तुझी बोटं बघितली आणि तुला रिटचिंगला, म्हणजे फोटोतले डाग काढायला, बसवलं, मला डार्करूममध्ये ढकललं. पुढं सेलूला कापसाच्या जिनिंगच्या भिंतीला लागून आपण दुकान काढलं, तेव्हाही वाटणी तीच राहिली. मी अंधारात, तू खिडकीत. कापसाच्या दिवसांत हवेतून तंतू यायचे आणि वाळत घातलेल्या ओल्या निगेटिव्हवर चिकटायचे. तू शिव्या देत एकेक तंतूचा डाग भरून काढायचास. पेन्सिलीला सुईसारखं टोक करायचास, दाढीचं ब्लेड अर्धं मोडून त्याचा कोपरा वापरायचास. निगेटिव्हवर ते ब्लेड आणि ती पेन्सिल फिरली की माणसाच्या डोळ्याखालचं काळं जायचं, कपाळावरची आठी जायची. लग्नाच्या मुलींचे बाप तुझ्यासाठीच आपल्या दुकानात यायचे. "जरा उजळ काढा" म्हणायचे. तूही काढायचास.

आणि मी कुरकुर करायचो. उस्ताद म्हणायचे, "असल सांभाळा, नक्कल कितीही बनते." मी ते मनावर घेतलं होतं आणि तू हसण्यावारी नेलं होतंस. तू थेट मूळ निगेटिव्हवर ब्लेड लावायचास. ब्लेडनं खरवडलेलं परत येत नाही, आणि कागदावरच्या फोटोचा फोटो काढला, त्यावरून पुन्हा काढला, तर दर खेपेला काहीतरी गळत जातं. आधी गालावरची सावली जाते, मग केस एकमेकांत मिसळतात, शेवटी चेहऱ्यात दोन डोळे आणि एक मिशी उरते. मी हे सांगायला लागलो की तू म्हणायचास, "आरं, गिऱ्हाईकाला तेवढीच लागतीय."

मग ती तीळवाली मुलगी आठव. तिच्या हनुवटीवरचा तीळ तू ब्लेडनं खरवडून, पेन्सिलीनं भरून साफ केलास. पाहुणे बघायला आले आणि म्हणाले, फोटोतली पोरगी ही नव्हेच, हिला तीळ आहे. तिचा बाप तणतणत दुकानात. "माझ्या पोरीचा तीळ परत द्या!" निगेटिव्ह तर खरवडलेली. तू घाईघाईनं फोटोवर शाईचा ठिपका दिलास, तो नेमका दुसऱ्या बाजूला. तो बाप गेल्यावर आपण दोघं डार्करूममध्ये तोंडात रुमाल कोंबून हसलो. पण त्यानंतर तू माझा नियम मानलास. काम करायचं ते नक्कल निगेटिव्हवर, नाहीतर मोठ्या केलेल्या फोटोवर. असल बटर पेपरात गुंडाळून डब्यात, वर कडुनिंबाचा पाला.

तो नियम पुढं कशाच्या कामाला येणार आहे, हे तेव्हा कुणाला माहीत होतं!

विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचा ठराव झाला आणि गावोगावी आमच्या वस्त्या पेटल्या. त्या पावसाळ्यात माझ्या दोन खोल्यांत किती नातेवाईक येऊन राहिले, तू बघितलंस. तुझ्या घरून धान्याचं पोतं आलं होतं, तेही मी विसरलो नाही. दुकान आपण काही दिवस बंद ठेवलं, मग उघडलं. तुझ्या भावकीतले लोक दारातून जाताना मला बघून मान वळवायचे. तू त्यांना हाक मारून चहा पाजायचास, माझ्या शेजारी बसवून. मला ते आवडायचं आणि त्याचा रागही यायचा. तुला कधी सांगितलं नाही.

दिवाळीच्या सुमाराला गयाबाई आली. पन्नाशीची बाई, हातात पत्र्याचे दोन तुकडे सुतळीनं बांधलेले. तिनं सुतळी सोडली. दोन पत्र्यांच्या मध्ये फोटो होता. जत्रेतल्या स्टुडिओत काढलेला, मागं रंगवलेला पडदा, उसना कोट घातलेला तरुण पोरगा. एका बाजूनं कानापासून खांद्यापर्यंत जळालेला. उरलेल्या भागावर पापुद्रे आलेले.

"ह्यो माझा सुदाम," ती म्हणाली. "विहिरीच्या कामावर दरड पडली, त्यात गेला. घर पेटवलं तवा ह्यो फोटो भिंतीवर व्हता. एवढाच हाती लागला. ह्येच्यावरनं नवा करून द्या, दादा."

तिनं गावाचं नाव सांगितलं. तू वर बघितलंस. ते तुझ्या मामाचं गाव होतं.

ब्रश पाण्यात बुडवलास आणि फोटो पुढं ओढलास. मी तुझा हात धरला.

"आधी नक्कल."

"आरं, ह्येची निगेटिव्ह कुठं हाय? ह्यो कागदच हाय. दोन ठिकाणी भरतो, मग काढ की."

"भरायच्या आधी काढू."

"माझ्या हातावर भरवसा न्हाई का?"

"हातावर हाय रं. पाण्यावर न्हाई. वला ब्रश लागला की ही पापडी सुटंल."

तू ब्रश ठेवलास. गयाबाईला पुढच्या बाजाराच्या दिवशी यायला सांगितलं आणि आपण फोटो टेबलावर मांडला. वरून काच दाबता येत नव्हती. दोन्ही बाजूंनी दिवे सारखे लावले, कॅमेरा वर बांधला, पंखा बंद केला. मी मोजून मोजून काही फ्रेम घेतल्या. फिल्म धुतली, सगळं नीट आलंय हे बघितलं आणि मगच तू फोटो उचललास. उचलताना हनुवटीवरचा एक पापुद्रा सुटला आणि टेबलावर त्याचा भुगा झाला. आपण दोघं त्या भुग्याकडं बघत राहिलो. आता सुदामची जी काही असल होती, ती माझ्या हातातली ओली फिल्म होती.

तुझं त्या फोटोवरचं काम मी आजही डोळ्यांपुढं आणू शकतो. मी मोठा फोटो करून दिला आणि तू तीन-चार दिवस खिडकीतून उठला नाहीस. जळालेला कान दुसऱ्या कानावरून काढलास, कोटाची कॉलर जोडलीस, खांदा भरलास, चेहरा धुतल्यासारखा स्वच्छ केलास. कुणाला सांगूनही खरं वाटलं नसतं की हा फोटो जळाला होता. गयाबाई आली. तिनं फोटो हातात घेतला, लांब धरला, जवळ आणला.

"लय देखणा केलाव," ती म्हणाली. "पर ह्यो माझा सुदाम न्हाई."

तुझा चेहरा पडला.

"ह्येला लहानपणी देवी आल्त्या. तोंडभर वण व्हते. पोरं चिडवायची. ते कुठं गेले?"

पापुद्र्यांबरोबर तू देवीचे वणही पुसून टाकले होतेस. मूळ कागदावर काम केलं असतंस तर ते कायमचे गेले असते. मला 'बघ, मी म्हणत होतो' असं म्हणायचं होतं, पण तुझ्याकडं बघून म्हणवलं नाही. मी आत गेलो आणि नक्कल निगेटिव्हवरून दुसरा मोठा फोटो काढला. तो वाळल्यावर तू गयाबाईला खिडकीत तुझ्या शेजारी बसवलंस. भिंग तिच्या हातात दिलंस.

"मावशी, ह्यो कशाचा?"

"ह्यो देवीचा."

"आन् ह्यो?"

"ह्यो जाळाचा."

"ह्यो नाकापाशी?"

"देवीचा. ह्यो सगळ्यात मोठा व्हता. बरा व्हताना खाजवला व्हता त्यानं."

अख्खी दुपार ती तसं सांगत राहिली. जाळाचा म्हणाली की तू भरायचास, देवीचा म्हणाली की सोडायचास. मी अंधाऱ्या खोलीच्या दारात उभा होतो. गिऱ्हाईक आलं तर हातानंच परत पाठवत होतो. संध्याकाळी तो पोरगा पूर्ण झाला, वणांसकट. गयाबाईनं त्याच्या गालावर बोट ठेवलं, मग तुझ्या डोक्यावर हात ठेवला आणि एसटी गाठायला गेली.

ती गेली आणि आपलं भांडण झालं. मला त्या नक्कल निगेटिव्हवरून जळका फोटो जसाच्या तसा काढायचा होता. गावोगावी काय झालं याची माहिती गोळा करणारे लोक सेलूत आले होते, त्यांना द्यायचा होता. तू म्हणालास, "तिला ईचारलंस का?"

"विचारायचं काय त्यात? जळालं ते जळालं. तू सगळं गुळगुळीत करून दिलंस, आता कुणाला कळणार काय झालं ते?"

"आईला जळकं पोरगं द्यायचं व्हतं का मी?"

"आईला नको. पण लोकांना दिसू दे. का तुझ्या मामाचं गाव म्हणून झाकायलास?"

तू माझ्याकडं बघितलंस. काहीतरी उलटं बोलशील असं वाटलं. तू सायकल काढून निघून गेलास. दुसऱ्या दिवशी वेळेवर आलास, खिडकीत बसलास, काम केलंस. काही दिवसांनी मी सासरवाडीला जाऊन आलो. डबा उघडला तर ती निगेटिव्ह त्यात नव्हती.

मी विचारलं नाही. तू सांगितलं नाहीस. मला वाटलं, मामाकडच्या कुणीतरी तुझ्यावर दाब आणला असेल आणि तू ती जाळली असशील. तरी आपण एका डब्यातून जेवत राहिलो. तुझ्या लेकींच्या लग्नांत मी पत्रावळी वाढल्या, माझी आई गेली तेव्हा तू खांदा दिलास. मोर्चे निघाले, पोरं तुरुंगात गेली, सरकारं बदलली. रंगीत फोटो आले, परभणीच्या लॅबमधून छापून यायला लागले, तुझ्या पेन्सिलीला काम उरलं नाही आणि तुझा दमा वाढला. आपण सगळ्यावर बोललो, त्या एका निगेटिव्हवर नाही.

या जानेवारीत विद्यापीठाचा नामविस्तार झाला. मी तुझ्याकडं पेढे घेऊन आलो. तुला गोड खायची मनाई होती, तरी अर्धा तोंडात टाकलास. "नाव पूर्ण न्हाई दिलं म्हणा, पर दिलं," म्हणालास. घरात कुणी नव्हतं. तू उशांना टेकून हसत होतास, आणि माझ्या तोंडून निघून गेलं.

"मुंजा, ती सुदामची निगेटिव्ह कुठं गेली रं?"

तुला आठवावं लागलं नाही. "गयाबाईकडं हाय."

"गयाबाईकडं?"

"तू सासरवाडीला गेल्तास. मामाचा व्यंकटी आला दुकानात. म्हणला, जळका फोटो हाय म्हणं तुमच्याकडं, ती फिलम दे. मी म्हणलं, देत न्हाई. लय बोलला. गेल्यावर मी म्हणलं, ह्यो पुना येणार, दुकानात ठिवायची सोय न्हाई." मध्येच तुला खोकला आला. मी पाणी दिलं. "मग त्याच दिशी डार्करूममदी शिरलो. जळका हाय तसा एक फोटो काढला. तुझ्यावानी नळाखाली तासभर धुतला, पिवळा पडू नये म्हणून. निगेटिव्ह आन् फोटो घेऊन सायकलीवर गयाबाईकडं गेलो. म्हणलं, मावशी, ह्ये तुमचं. कुणाला दाखवायचं ते तुमी ठरवा."

"मला सांगितलं का नाहीस?"

"तू मामाचं बोललास ना. त्याच्यावर सांगितलं असतं तर सफाई दिल्यावानी झालं असतं. म्हणलं, ईचारील कवातरी." मग थांबून म्हणालास, "लय टाईम घेतलास, किसना."

मी तुझ्या पायांवर हात ठेवून बसून राहिलो. तू डोळे मिटलेस, माझ्या उत्तराची वाट बघितली नाहीस.

दुसऱ्याच दिवशी मी परभणीची गाडी पकडली. गयाबाई आता तिथं लेकीकडं असते. म्हातारी झालीय, पण मला ओळखलं. भिंतीवर बाबासाहेबांच्या तसबिरीखाली दोन फोटो. एक तुझ्या हातचा, वणांचा, अंगात कोट घातलेला सबंध सुदाम. त्याच्या शेजारी दुसरा, कान-खांदा नसलेला, पापुद्र्यांचा. दोन्ही फ्रेममध्ये. कागद पांढराशुभ्र, कुठं पिवळा डाग नाही. निगेटिव्ह तिनं बटर पेपरात, पत्र्याच्या पेटीत, साड्यांच्या मध्ये ठेवलीय. मी उजेडाला धरून बघितली. एक ओरखडा नाही.

"मावशी, हा जळका कुणाला दाखवला का?" मी विचारलं.

"दाखविला की. वकिलाला दाखविला, साळंतल्या मास्तरला दाखविला. नातवंडं ईचारत्यात, आजी, मामाला काय झालतं? मग दोनी बी दाखविते."

म्हणजे मुंजा, मला जे हवं होतं ते होत राहिलं होतं, आणि तुला जे हवं होतं तेही. तरी आपला वाद मिटला असं मी म्हणणार नाही. तो फोटो त्याच वर्षी चारचौघांत जायला हवा होता, असं मला अजून वाटतं. आणि तू असतास तर "तिला ईचारलंस का?" म्हणाला असतास. मी परत येऊन तुला दोन्ही फोटोंचं सांगितलं, तेव्हा तू तेवढंच विचारलंस की नव्यानं काढलेला कान उठून तर दिसत नाही ना. मी म्हणालो, दिसत नाही. खरंच दिसत नाही. तुझ्या हाताइतका हात मी दुसरा बघितला नाही, हे तेवढ्यात सांगून टाकायला हवं होतं. वहिनी औषध घेऊन आल्या आणि ते राहून गेलं.

तू गेल्यावर वहिनींनी तुझा फोटो मागितला. फोटोग्राफरचा फोटो कुठून असणार! लग्नातल्या एका घोळक्यात तू सापडलास. मी तेवढा चेहरा मोठा केला. वहिनी म्हणाल्या, "भावजी, डोळ्याखालचं काळं तेवढं काढता का? आजारी दिसायलेत." मी ब्रश धरला. माझा हात तुझ्यासारखा चालत नाही, तीन फोटो वाया घालवले, चौथा जमला. वहिनी बघून म्हणाल्या, "ह्ये बराबर. असेच व्हते." मूळ निगेटिव्ह माझ्याकडं आहे, डोळ्यांखालच्या काळ्यासकट.

तेराव्याला मी गयाबाईला आणायला स्टेशनवर गेलो होतो. निरोप मीच पाठवला होता, पण ती येईल असं वाटलं नव्हतं. ती नातीला घेऊन आली. घरात बायका बसल्या होत्या, त्यांच्यात वहिनींशेजारी टेकली. जेवायची पंगत मांडली तेव्हा मामाचा व्यंकटी समोर होता. केस पांढरे झालेत त्याचे, पण गयाबाईनं एका नजरेत ओळखलं. तिनं मान खाली घातली नाही. चार बायका एकमेकींकडं बघायला लागल्या आणि गयाबाई पदर सावरून उठायला लागली.

वहिनींनी तिचा हात धरला. "मावशी, बसा तुमी. तुमी ह्यांच्या पाहुण्या हाव."

गयाबाई बसली. व्यंकटी पानावर होता. तो पाण्याचा तांब्या सरकवून उठला आणि चपला घालून बाहेर गेला. त्याच्यामागं कुणी गेलं नाही. वहिनींनी गयाबाईच्या पानावर स्वतः वाढलं, आणि ती सावकाश, पोटभर जेवली.

मी अंगणात येऊन भिंतीकडं तोंड केलं. तू गेल्यापासून थांबलेलं रडणं तिथं आलं, मुंजा, आणि मोकळं आलं.